विहीणबाई आणि ढीगभर चिंचोके

माझ्या मुलीला सातव्या महिन्यात डॉक्टरांनी पलंगावर झोपवलं. बाळाची वार खाली आहे, जिना नको, उचलाउचल नको, बाथरूमपर्यंत चालायचं तेवढंच. जावई सकाळी सातला कामाला निघतो तो दिवेलागणीला परत येतो. म्हणून मी कात्रपचं माझं घर कुलूप लावून बंद केलं आणि दोन पिशव्या घेऊन अंबरनाथला तिच्या फ्लॅटवर राहायला गेले. दार उघडलं ते जावयाच्या आईने. त्या माझ्या आधीच येऊन पोचल्या होत्या. ओट्यावर सुकटीचा डबा, मसाल्याची बरणी, सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पुडी असं सगळं मांडूनही झालं होतं.

"ये गो विहीनबाय," त्या म्हणाल्या. "किचनचं मी बघते. तू पोरीजवल बस."

मी "बरं" म्हणाले आणि बसले.

हे "बरं" माझ्या अंगवळणी पडलं होतं. विहीणबाई अंबरनाथच्या पलीकडच्या गावातल्या, आगरी घरातल्या. भाताची शेती, दारात चिंचेचं झाड, नऊ माणसांचं एकत्र कुटुंब, आणि पलीकडच्या बांधावरून हाक मारायची सवय असलेला आवाज. आम्ही बौद्ध, नोकरी करणारे. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं काढली. नमुना घ्यायचा, बघायचा, वहीत लिहायचा, मोठ्याने बोलायची वेळच यायची नाही. पोरांनी आपापसात लग्न ठरवलं तेव्हा आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं, बोलणी करायला मी एकटीच. मला विहारात साधं लग्न हवं होतं. विहीणबाई म्हणाल्या हॉल. मी म्हणाले बरं. त्या म्हणाल्या हळदीला डीजे. मी म्हणाले चालेल. त्या लग्नात मी "हो", "बरं" आणि "चालेल" यांच्यापलीकडे काही बोलले असेन तर मला आठवत नाही. मुलगी मात्र विसरली नव्हती. अधूनमधून म्हणायची, "आई, तू एकदा तरी नाही म्हणायचं होतंस."

दुपारी जेवणं झाली की तिघींना काम नसायचं. टीव्ही बघून मुलीचं डोकं दुखायचं. एका रविवारी जावयाने पत्ते काढले आणि आम्हाला पोकर शिकवला. विहीणबाईंच्या तोंडी पहिल्याच दिवशी त्याचं "पोकल" झालं आणि घरात तेच नाव राहिलं.

खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकीला दोन पानं, ती कुणाला दाखवायची नाहीत. मग मधोमध पाच पानं उघडी पडतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. हातातली दोन आणि मधली पाच यांतून जिची जुळणी चांगली ती जिंकली. पण दर टप्प्याला बोली लावायची. समोरचीने जेवढं टाकलं तेवढं आपण टाकायचं, नाहीतर पानं पालथी ठेवून बाजूला व्हायचं. आणि सगळ्या बाजूला झाल्या तर उरलेली बाई पानं न दाखवताच सगळं उचलते. पैसे लावायचे नाहीत हे मी आधीच सांगितलं होतं. विहीणबाईंनी घरून चिंचोक्यांची पिशवी आणली, एकेकीला पन्नास. चारच्या चहाला जिच्याकडे जास्त चिंचोके ती उद्याचं जेवण ठरवणार, असा नियम मुलीने काढला. बिचारीला वाटलं, आपल्याला जरा मऊ काहीतरी खायला मिळेल.

मिळालं नाही. विहीणबाई दोन पानं हातात आली की ती बघायच्या, न बघितल्यासारख्या, आणि मूठभर चिंचोके पलंगावर फेकायच्या. "हे घे! कोन येते?" आवाज असा, की खालच्या मजल्यावरची बाई एकदा विचारायला आली, काही झालं का. मुलगी पानं टाकून द्यायची. मी पण टाकायचे. त्या हसत सगळं गोळा करायच्या. दुसऱ्या दिवशी बोंबलाचं कालवण. तिसऱ्या दिवशी सोडे-बटाटा. चौथ्या दिवशी सुकट, लाल रश्शाची. चव अशी की बोटं चाटावीत, पण मुलीच्या छातीत जळजळ होऊ लागली. पाचव्या दिवशी विहीणबाई आंघोळीला गेल्या तेव्हा तिने माझा हात धरला.

"आई, मला मुगाची खिचडी खायचीय. तूप घालून. तू जिंक ना."

"तू सांग ना त्यांना सरळ."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, जिंकून खा."

मग मी मनावर घेतलं. आधी केलं ते चुकलं. मला वाटलं, त्या मूठभर टाकतात तर आपण दोन मुठी टाकाव्यात, म्हणजे त्या घाबरतील. दुर्री आणि छक्की हातात घेऊन मी पंधरा चिंचोके पुढे सरकवले. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आले," म्हणाल्या आणि तेवढेच टाकले. मी हरले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. संध्याकाळी भाजी निवडताना माझ्या लक्षात आलं, की ज्या बाईला पानं टाकून देणं माहीतच नाही तिला घाबरवून काय होणार? घाबरायचं काम त्या घरात माझ्याकडे होतं.

दुसरी अडचण अशी, की ते तीन डाव सोडले तर त्यांच्या हातात काय असतं हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. आम्ही आधीच बाजूला व्हायचो, त्यामुळे त्या पानं दाखवायच्याच नाहीत. लॅबमध्ये नमुना न बघता कुणी अंदाज लिहिला असता तर मीच त्याला ओरडले असते. इथे मी पाच दिवस अंदाजावर हरत होते.

म्हणून पुढचे दोन दिवस मी जिंकायचा विचार सोडला. पानं कशीही असोत, शेवटपर्यंत बसायचं, त्यांची पानं बघायची, आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहून ठेवायचं. विहीणबाईंना वाटलं मला वेड लागलं. "काय गो, काय बी नसताना बसतेस कशाला?" त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, "शिकतेय." दोन दिवस मी सपाटून हरले, दोन दिवस घरात खारं आणि तिखट शिजलं, मुलगी माझ्यावर रुसली. पण कॅलेंडर भरलं. दहातल्या सात वेळा विहीणबाईंच्या हातात काही म्हणजे काही नसायचं. सत्ती-तिर्री, गुलाम-पंजी, काहीही. त्यावर त्या मूठ मारायच्या.

आणि आणखी एक दिसलं. हातात काही नसलं की त्या बोलायच्या. मासळीवाली, गावातली नवी बिल्डिंग, जावेचं ऑपरेशन, काहीही. खरंच चांगली पानं आली की मात्र गप्प व्हायच्या. चिंचोके फेकायच्या नाहीत, दोन-तीन करत मांडायच्या, आणि पदर सारखा करायच्या.

आता काय करायचं ते कळलं. पानं वाईट असली तर चुपचाप टाकून द्यायची. त्या गप्प असल्या तरी टाकून द्यायची. आणि बरी पानं आली, त्या बोलत असल्या, तर आपण काही वाढवायचं नाही, त्यांनाच टाकू द्यायचं आणि नुसतं त्यांच्यामागून टाकत राहायचं. ऐकायला सोपं आहे. करायला इतकं कंटाळवाणं, की एकदा मला बसल्या बसल्या डुलकी लागली.

"झोपलीस काय गो पानं बघून?" विहीणबाई मुलीकडे बघून हसल्या. "हिला खेलवत नाय आता."

तेवढ्यात मला बदामचा राजा आणि चौकटची दश्शी आली. मुलीने पानं टाकली आणि उशीला टेकली. विहीणबाईंनी मूठ मारली. मी तेवढेच टाकले. मधोमध तीन पानं पडली, इस्पिकचा राजा, किलवरची सत्ती, चौकटची तिर्री. माझ्याकडे राजांची जोडी झाली. आदल्या आठवड्यात मी आनंदाने लगेच वाढवलं असतं आणि चेहऱ्यावरून सगळं सांगून टाकलं असतं. यावेळी मी सुस्कारा टाकला. खोटा नव्हता, खरंच भीती वाटत होती.

"ती मासलीवाली काल काय बोलली माहीत हाय?" विहीणबाई म्हणाल्या आणि आणखी मूठ टाकली.

"काय बोलली?" मी विचारलं आणि तेवढेच टाकले.

चौथं पान किलवरची नव्वी. मासळीवालीच्या सुनेचं भांडण सुरू झालं. मूठ. मी मागून. पाचवं पान बदामची दुर्री. सुनेच्या माहेरची माणसं आली. विहीणबाईंनी दोन्ही हातांनी समोरचा सगळा ढीग पुढे लोटला. काही चिंचोके पलंगाखाली गडगडले.

"सगलं! बोल आता."

एक जोडी म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. त्यांच्याकडे दोन जोड्या असू शकत होत्या. मी त्यांच्या पदराकडे बघितलं, तो खांद्यावरून घसरून कोपरावर आला होता. आणि त्या अजून बोलतच होत्या, सुनेच्या भावाने म्हणे मोटरसायकल आडवी लावली.

"आले," मी म्हणाले.

मासळीवाली मध्येच थांबली. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट बघितलं. मग पानं उलटी केली. इस्पिकचा गुलाम आणि बदामची चौकी. काहीही नाही.

मी माझा राजा ठेवला. मुलगी पलंगावर उठून बसायला निघाली, मी तिला दटावून आडवी केली. ती इतकी हसली की मला पोटाची काळजी वाटायला लागली.

"एका जोरीवर बसलीस?" विहीणबाई म्हणाल्या. "एका जोरीवर तू माझं सगलं घेतलंस?"

"तुमच्याकडे तीही नव्हती."

त्यांनी चिंचोके माझ्याकडे सरकवले. उठल्या, चहा ठेवला. मला वाटलं, झालं, आता महिनाभर हे घरात घुमणार. पण दुसऱ्या दिवशी मी मूग निवडायला घेतले तर त्यांनी माझ्या हातातून ताट काढून घेतलं.

"जिंकलीस तू, पन शिजवनार मीच."

खिचडी त्यांनी केली. मऊ, वरून तूप. मुलीला वाढली आणि आमच्या दोघींच्या ताटात बाजूला एकेक तळलेला बोंबील ठेवला. मुलगी जेवून झोपली. आम्ही ओट्याशी भांडी आवरत होतो तेव्हा त्यांनी विचारलं.

"खरं सांग. कसं ओलखलंस?"

खोटं बोलायचं मनात आलं, पण त्या खिचडीनंतर ते जमलं नाही. मी म्हणाले, "हातात काही नसलं की तुम्ही बोलता. असलं की गप्प बसता."

त्या हातातली कढई तशीच धरून उभ्या राहिल्या. मग एकदम मोठ्याने हसल्या. "इतक्या वर्सांत मना कोनी हे सांगितलं नाय. कोन सांगनार? माझ्यासमोर कोन बसतंच नाय."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. मुलगा, म्हणजे आमचा जावई, पाच वर्षांचा असताना एक बिल्डर त्यांच्या अंगणात आला होता. दारातली जागा, चिंचेच्या झाडासकट, मोजायला माणसं घेऊन. घरातले पुरुष कामावर गेलेले. विहीणबाई सगळ्यांत धाकटी सून. त्या कोयता हातात घेऊन बाहेर आल्या आणि ओरडल्या, ही जागा माझ्या नावावर आहे, कागद आत पेटीत आहेत, काढू का बाहेर? शेजारपाजार गोळा झाला. बिल्डर म्हणाला, बरं, मग वकिलाला घेऊन येतो, आणि गेला.

"आणि कागद?" मी विचारलं.

"कसला कागद? पेटीत माझ्या लग्नाचा शालू होता."

तो वकिलाला घेऊन येईपर्यंत दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत विहीणबाईंनी सासऱ्यांना तलाठ्याकडे नेऊन खरे कागद करून घेतले. झाड अजून तिथेच आहे.

"तो एकदा जरी बोलला असता ना, दाखव कागद," त्या म्हणाल्या, "तर मी काय करनार होते, मना अजून माहीत नाय." आणि कढई फडताळात ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो-जाहो करतेस आनि पानं उघडी पारतेस. मना 'तू' बोल."

मला ते जमलं नाही. आजही जमत नाही. पण त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटेनाशी झाली. आवाज तेवढाच होता, पण आता त्यात मला कोयता घेऊन उभी असलेली धाकटी सून दिसायची, आणि तिच्यामागे ती शालूची पेटी.

नात झाली ती दिवस भरून, सुखरूप. आम्ही दोघी हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. नर्सने बातमी सांगितली तेव्हा विहीणबाईंनी मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला. आणि तिसऱ्या दिवशी, मुलीच्या खाटेशी उभं राहून, त्यांनी जाहीर केलं.

"बारसं आपल्या गावच्या मैदानात. आठशे मानूस. डीजे. मटन."

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला लग्न आठवत होतं, मलाही. तिला घरातलीच माणसं हवी होती, बाळाला आवाज नको होता. जावई मोबाईलमध्ये तोंड घालून उभा राहिला.

मी नाही म्हणाले नाही. बरंही म्हणाले नाही. मी म्हणाले, "बसा. कोण कोण आठशे, ते लिहून काढू."

वही घेतली. विहीणबाई सांगत होत्या, मी लिहीत होते. भावकी, सोयरे, गावची मंडळं. साठ-सत्तर नावं झाल्यावर त्या मधल्या मधल्या गोष्टी सांगू लागल्या, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण बोलावलं तरी येणार नाही. मी प्रत्येकापुढे विचारायचे, "यांना हवंच ना?" आणि त्या म्हणायच्या, "नसलं तरी चालंल." नावांवर रेघा पडत गेल्या. डीजेचं मी काहीच बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "पोर घाबरंल काय गो?" मी म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" डीजे गेला.

मग त्या गप्प झाल्या. पदर सारखा केला.

"एक हाय," त्या हळू म्हणाल्या. "माझी सासू पालन्याचं गानं म्हनायची. आता घरात ते मनाच येतं. ते मी म्हननार."

"म्हणायचंच," मी लगेच म्हणाले. "आणि त्याआधी आम्ही मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील घेऊ. ते मला हवंय."

त्यांनी मान हलवली. लग्नात हेच मागायला मला तोंड नव्हतं, आणि इथे ते दोन वाक्यांत झालं. मागितलं असतं तर तेव्हाही झालं असतं का? विहीणबाईंना मी नंतर हे विचारलं. त्या म्हणाल्या, "तू बोललीच नाय. मना वाटलं तुना सगलं चालतं."

बारसं बिल्डिंगच्या गच्चीवर झालं, पन्नासेक माणसांत. आधी वंदना झाली, विहीणबाई पहिल्या रांगेत हात जोडून बसल्या होत्या आणि न येणारे शब्दही मोठ्याने म्हणत होत्या. मग त्यांनी पाळण्याचं गाणं म्हटलं. गाण्यातले अर्धे शब्द मला कळले नाहीत, पण एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईचा गाताना आवाज इतका बारीक होतो हे मला माहीत नव्हतं. बाळ झोपून गेलं. मटण होतंच, तो डाव मी सोडून दिला होता. आणि झणझणीत होतं.

आता मुलगी कामावर जाते, नात दीड वर्षाची आहे. आम्ही दोघी आलटूनपालटून येतो, पण बुधवारी दोघी एकदम असतो आणि ती झोपली की पत्ते निघतात. मी सांगून बसले ही माझी चूक. विहीणबाई आता हातात काही नसलं की गप्प बसतात, पदर सारखा करतात, दोन-दोन चिंचोके मांडतात. आणि राजा-राणी आले की मासळीवालीचं पुराण लावतात. पहिले दोन महिने मी इतकी हरले की जावयाला माझी कीव आली. तो एकदा म्हणाला, "आई, मी बसू का तुमच्या जागी?" बसला. त्याच्या आईने त्याचे पन्नासच्या पन्नास चिंचोके वीस मिनिटांत घेतले आणि त्याला बाळाचे कपडे धुवायला पाठवलं.

मी मात्र सोडलेलं नाही. कॅलेंडरची नवी पानं भरतेय. गेल्या काही बुधवारांपासून मी त्यांच्या तोंडाकडे आणि पदराकडे बघणं सोडलंय आणि पायांकडे बघते. खरी पानं आली की त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलतो. त्यांना ते माहीत नाही, आणि यावेळी कितीही चांगली खिचडी वाढली तरी मी सांगणार नाहीये.